घरचं दूध

"तुमच्या धाकटीच्या मापात पाप नाही बघा," डेअरीच्या रांगेत कुणी असं म्हटलं की हौसाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वीस वर्षं घर ओढलं हिनं, आणि गावात नाव कुणाचं? तर डेअरीत दूध तपासणाऱ्या जावेचं!

म्हणून आज हौसानं घरच्या कॅनमध्ये दोन तांबे पाणी ओतलं. जाऊ घरचं दूध गुपचूप पास करील, चार लोक बघतील, मग उतरेल तिचा तोरा.

धाकटीनं दुधात लॅक्टोमीटर सोडला. तो खोल गेला. तिनं एकदा हौसाकडे पाहिलं. "पाणी आहे. परत न्या, आक्का."

रांगेत मागून एक म्हातारा म्हणाला, "याला म्हणतात इमान!"

संध्याकाळी सासू कडाडली, "पाणी घातलं कुणी?"

हौसाचा भाकरी थापणारा हात थांबला.

"मी दूध तपासते, आत्या. माणसं नाही," असं म्हणून धाकटीनं हौसाच्या परातीत पीठ घातलं.

हौसा दणादण भाकरी थापू लागली. मेलीनं निदान नाव तरी घ्यायचं होतं!