सगळ्यांत लांब शब्द

मनकर्णाला पाहायला केशवराव सौसरला आला होता, तेव्हा पोह्यांची प्लेट हातात धरूनच त्यानं विचारलं, "फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन म्हणजे काय?" तिला सांगता आलं नाही. भरल्या बैठकीत पाहुणे खदाखदा हसले आणि "पोरगी अडाणी आहे" म्हणून उठून गेले.

आज मनकर्णा आपल्या मुलासाठी पोरगी पाहायला पांढुर्ण्याला आली होती. पोरीचा बाप, केशवराव. त्यानं तिला ओळखलंच नाही. डिंपल पोहे घेऊन आली, तसा तो अदबीनं म्हणाला, "विचारा न ताई पोरीले, काय विचाराचं ते."

"पोरीले नाही, तुम्हाले विचारून राहिली," मनकर्णा म्हणाली आणि तोच शब्द तिनं एका दमात त्याला ऐकवला.

केशवरावचा चेहरा खर्रकन उतरला. "अर्थ तं मले तेव्हाही माहीत नव्हता," तो पुटपुटला.

डिंपलनं मोबाईलवर पाहून सांगितलं, "एखाद्याले कवडीचीही किंमत न देणं."



"पोरगी पसंत आहे," मनकर्णा म्हणाली. "साक्षगंधात हा शब्द आन त्याचा अर्थ तुम्ही माइकवर सांगाचा, सगळ्या सोयऱ्यांसमोर. मंगच अंगठी निघन."