घड्याळाखालची फरशी

लेकीने चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली लग्न करायचं ठरवलं. माणसं मोजून अकरा. "लग्न आहे की बस चुकलेल्यांची रांग?" मी फटकारलं. कबुतरं, भोंगे, सगळ्याला नावं ठेवली. ऐकेल तर शपथ. "आई, याचेच टोल ऐकत मोठी झालेय मी!" ती खडूने उभं राहायचे गोल आखत सुटली. जावयाचा, तिचा, मग माझा. नेमका त्याच फरशीवर. बावीस वर्षांपूर्वी घड्याळाची काच पुसताना दोर तुटून तिचा बाप तिथेच पडला. टोल घरात ऐकू येतात; पोरीला तासातासाला तेच आठवू नये म्हणून 'तापाने गेला' असं सांगितलं. मी चपलेने गोल पुसला. "इथे ऊन लागतं." "किती गं नखरे!" तिने तिथेच पुन्हा आखला, मला आत उभं केलं. टोल पडू लागले. ती हसत वर बघत राहिली, मी खाली.