अडखळणारी शर्यत

बोट वळणावर आली आणि पुन्हा अडखळली. आवाज फाटला, पडद्यावरचं पाणी गोठलं. सगळं परत सुरू झालं तेव्हा श्यामरावांची बोट खडकावर आपटलेली होती.

"गेली," ते हेडफोनमध्ये म्हणाले.

"अंतरामुळे होतं, बाबा," सलील म्हणाला. "टोरांटो काय जवळ आहे? चालायचंच."

दर रविवारी सकाळी नाश्ता झाला की श्यामराव कोलकात्यातल्या दमदमच्या फ्लॅटमध्ये संगणकासमोर बसत. सलीलकडे तेव्हा शनिवारची रात्र असे. तो लहान असताना घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. बापलेक बोटींची शर्यत लावत आणि प्रेमलताबाई निकाल देत, बहुतेक वेळा मुलाच्या बाजूने. ते यंत्र कधीच बिघडलं. आता संगणकालाच त्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारा एम्युलेटर सलीलने तिकडे बसून बापाच्या संगणकावर चढवून दिला होता. त्यात दोन्ही टोकांचे संगणक एकमेकांसाठी थांबायचे, त्यामुळे एक अडखळला की दोन्हीकडची शर्यत अडखळायची. बोलणं फक्त आवाजावर. व्हिडिओ लावला तर प्रोसेसरवर ताण येऊन आणखी अडखळेल, असं सलीलचं म्हणणं होतं.

गेल्या हिवाळ्यात प्रेमलताबाई गेल्या. इस्पितळात शेवटचे काही दिवस त्या दाराकडेच बघत असायच्या. सलीलचा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता, तो येऊ शकला नाही. अग्नी श्यामरावांनी दिला. तेराव्याला प्रेमलताबाईंचा भाऊ मधुकर जेवता जेवता म्हणाला, "येता येत नाही, की यायचं नाही?"

श्यामराव भरल्या ताटावरून उठले. माझ्या मुलाबद्दल असं बोलायचं असेल तर या घराची पायरी चढू नकोस, असं त्यांनी मेहुण्याला सगळ्यांसमोर सुनावलं. मधुकर त्या संध्याकाळीच नागपूरला परत गेला. पुढे त्याने बरेचदा फोन केले, श्यामरावांनी एकही घेतला नाही. त्याचं ते वाक्य मात्र घरातच राहून गेलं होतं. रविवारी कानात सलीलचा आवाज आला की तेवढ्यापुरतं ते ऐकू येत नसे.

आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. याही वेळी सलीलला सुट्टी मिळणार नव्हती. निदान शर्यत तरी धड व्हावी, असं श्यामरावांच्या मनात आलं. कुणाला तरी संगणक दाखवतो, असं त्यांनी सलीलला सांगून पाहिलं. तो म्हणाला, कशाला उगाच लोकांना त्रास, थोडं अडखळलं तर काय बिघडतं? श्यामरावांना त्याचं कौतुक वाटलं. आईसारखाच, कुणाला भीड घालायची नाही.

तरीही त्यांनी लीनाला बोलावलं. लीना ओळखीच्या मराठी घरातली, कोलकात्यातच जन्मलेली, सेक्टर फाइव्हमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. लहानपणी ती प्रेमलताबाईंकडे मराठी वाचायला शिकायला येत असे. रविवारी ती आली, तिने संगणक तपासला आणि म्हणाली की दोष अंतराचा नसावा.

"हायपरथ्रेडिंग चालू आहे, काका. त्यात प्रोसेसरचा एकेक कोअर, म्हणजे काम करणारा भाग, आपण दोन असल्याचं दाखवतो. एरवी ते फायद्याचं असतं. पण एम्युलेटरची दोन जड कामं एकाच कोअरच्या वाट्याला आली, की दोन्ही खोळंबतात. तुमच्याकडे तेच होत असणार."

तिने संगणक बंद करून पुन्हा चालू केला, सेटिंगमध्ये जाऊन हायपरथ्रेडिंग बंद केलं आणि स्वतःचा हेडफोन जोडून शेजारी बसली. मी आहे ते सांगू नका, तुमची गंमत होऊ दे, असं म्हणाली.

बोटी सुटल्या. श्यामरावांनी बटण दाबावं आणि त्याच क्षणी बोट वळावी. पाणी कुठे गोठलं नाही. खडकाच्या वळणावरून ते अलगद निघाले आणि लहान मुलासारखे हसले.

"आज छान चाललंय," सलील म्हणाला. त्याचा आवाज जरा सावध झाला होता. "इथे केव्हाचा बर्फ पडतोय, बाबा. खिडकीबाहेर काही दिसत नाही."

"स्वेटर घालून बस."

"हो. आणि बाबा, आईच्या श्राद्धाला मी मनाने तिथेच असेन."

आपण जिंकलो हे श्यामरावांच्या उशिरा लक्षात आलं. लीनाला दाखवावं म्हणून ते वळले, तर ती शर्यत बघतच नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यातला एक आकडा ती निरखत होती. आजवर तो आकडा सारखा उड्या मारायचा, आज स्थिर होता. तिने दुसरी खिडकी उघडली, काहीतरी टाइप केलं, पुसलं आणि तेच पुन्हा टाइप केलं. मग तिने श्यामरावांचा माइक बंद केला.

"काका, सलीलदादा तुम्हाला कुठे आहे म्हणून सांगतो?"

"टोरांटोला. पाच वर्षं झाली. का गं?"

हेडफोनमध्ये सलील हाका मारत होता, बाबा, ऐकू येतंय ना?

"कोपऱ्यातला हा आकडा म्हणजे सिग्नलला लागणारा वेळ, कॅनडातून यायला याच्या कितीतरी पट लागतो," लीना हळूच म्हणाली. "मी त्याच्या इंटरनेटचा पत्ताही दोनदा बघितला, काका. त्याचा संगणक इथेच आहे, कोलकात्यात, बेहाला भागात."