मूठभर ऊब

भावाच्या लग्नाला स्वतः बनवलेली बिअर पाजायचं मार्गिटने कबूल केलं होतं, आणि विस्कॉन्सिनमधल्या तिच्या गॅरेजात, जुन्या फ्रिजला बसवलेल्या नळातून नुसता फेस येत होता.

"ताई, दाढी करू का याने?" नवरदेव व्हर्लिन ओरडला. पाहुणे खिदळले.

फ्रिजमधल्या पिंपातून नळाकडे जाणारी नळी तिने सकाळीच सफाईच्या औषधाने धुतली होती. बिअर कोमट झाली की फेसाळते; फेस म्हणजे नळीला कुठेतरी ऊब. तिने फ्रिजमध्ये हात घालून नळी चाचपली. सगळीकडे गार, मध्येच मूठभर जागा कोमट, कुणी धरून ठेवल्यासारखी.

तिने तिथे बर्फाची पिशवी बांधली. बिअर सोन्यासारखी उतरली. टाळ्या पडल्या.

"ताई, अजून एक!"

हसतच तिने पिशवी चाचपायला पुन्हा हात आत घातला. नळी आता सगळीकडे गार होती.

ऊब तिच्या मनगटाभोवती होती.