आडवं सात
शेवटची पाळी संपवून बॉयलरवाला कॅन्टीनच्या बाकावर धपकन बसला. पायांचे पार ओंडके झाले होते. उद्यापासून कायमची सुट्टी. तीस वर्षं चौघे दोस्त ह्याच बाकावर पेपरातलं शब्दकोडं सोडवत आले, पण ह्याला एकही शब्द कधी सुटला नव्हता. जाण्याआधी एक तरी सुटावा, एवढीच हौस उरली होती. “एकच राहिलंय बघ, आडवं सात,” फिटर म्हणाला. “आमची डोकी बंद पडली बाबा.” बॉयलरवाल्याने पेपर ओढून वाचलं: ‘घसा नाही, तरी गावभर ओरडतो.’ “अरे, भोंगा! जन्मभर मीच वाजवला की रे!” “च्यायला, म्हातारा पेटला!” तिघांनी गलका केला. त्याने पेन्सिल टेकवली, तर कागद खरखरीत लागला. चौकटींत खोडरबराने पुसलेला ‘भोंगा’ फिकट दिसत होता. मान वर न करता त्याच रेघा गिरवत तो म्हणाला, “फार अवघड होतं, बुवा.”