मुळाजवळचं टोक

"नमुना हाती आला की आधी तुटलेली कड बघत जा," असं संग्रहालयातले सर सांगायचे आणि ती हसून ते कानाआड करायची.

आज कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शार्कचा दात घेऊन ती सकाळपासून घरीच बसली होती. मुळाजवळ छोटं टोक असेल तर एक जात, नसेल तर दुसरी, आणि नेमका तोच कोपरा गायब. मांडीवर दहा महिन्यांची लेक लाळ गाळत दोन दिवसांची किरकिर पुढे ओढत होती.

"अगं, दात येतायत तिला. तुझा नवरा तर महिनाभर रडत होता, अजून थांबलाय कुठे," सासूबाई म्हणाल्या.

दमलेल्या डोळ्यांनी तिनं अखेर दाताच्या कडेवर भिंग धरलं. दात काळाकुट्ट, पण तुटलेली कड पांढुरकी, म्हणजे ताजी. दात जमिनीत नाही, घरी आल्यावर तुटला होता. परवा नमुन्याची पेटी खालच्या फळीवर उघडी राहिली होती, आणि लेक तिथवर रांगत गेली होती.



लेकीच्या हिरडीत रुतलेलं काळं टोक तिनं अलगद काढलं आणि जात ठरली. तुमच्याही घरी कुणी 'दात येतायत' म्हणून रडत असेल, तर आधी त्याचं तोंड उघडून बघा.