उसना गळा

डॉ. निरगुडकर तानपुरा छेडत यमन गाऊ लागले आणि ऐंशीच्या गायिका यमुताई खांबेट्यांना स्वतःचाच चाळिशीतला आवाज समोरून ऐकू आला. तीच धार, वरच्या षड्जावरची तीच बारीक खरखर. गेल्या वर्षी तपासणीच्या नावाखाली डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यातल्या चार पेशी नेल्या, प्रयोगशाळेत त्यांपासून स्वरतंतू वाढवले आणि सरळ स्वतःच्या गळ्यात बसवून घेतले.

"साठ वर्षांचा रियाज सहा आठवड्यांत!" गाणं संपवून डॉक्टर म्हणाले. "ताई, आवाज अस्सल असल्याची सही तेवढी द्या. सोमवारपासून हा गळा बसवून घ्यायला लोकांची रांग लागेल."

"माझाच आवाज आहे, नाही कशाला म्हणू?" यमुताईंनी सही ठोकली आणि कागद त्यांच्याकडे भिरकावला. "तुम्ही यायच्या आधी या तानपुऱ्याची पहिली तार मी मुद्दाम उतरवून ठेवली होती. माझ्याकडे महिनाभर शिकलेली पोरसुद्धा आधी तारा जुळवते, मग तोंड उघडते. तुम्ही अर्धा तास त्या बेसुऱ्या तारेवर मान डोलावत होतात."

 डॉक्टरांनी बॅगेतून नमुन्याची नवी बाटली काढली.

"ताई, कानाच्याही चार पेशी मिळतील?"